मिलान: दुओमो आणि शॉपिंग सोडून जुन्या, अजून चालू असलेल्या संस्था कोणत्या बघाव्यात?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, लेक मिलानला पोलितेक्निकोत मास्टर्स करतेय, नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय आणि डिसेंबरच्या दहा तारखेपर्यंत तिथेच मुक्काम आहे. व्हेनिस-फ्लॉरेन्स यावेळी नाही, तिची सबमिशन्स आहेत आणि आम्हालाही पळापळ नकोय. पण ज्याला विचारावं तो एकच सांगतो, मिलानमधे काय आहे, एक दुओमो म्हणजे मुख्य चर्च, एक गॅलरिया म्हणजे छताखालचा जुना बाजार, बाकी सगळं फॅशन आणि फुटबॉल, एका दिवसात आटपेल. मला हे पटत नाहीये, म्हणून इथे विचारते.

मी आयुष्यभर कॉलेजच्या लायब्ररीत काम केलं, त्यामुळे आंब्रोझियाना लायब्ररी बघायचीच आहे. ह्यांना नाट्यसंगीताचं वेड, ऑपेरा कधी ऐकला नाहीये पण ला स्काला थिएटरचं नाव माहितीये. आणि माझा खरा प्रश्न थोडा वेगळा आहे. मिलानवर राज्य करणारी व्हिस्कोंती, स्फोर्त्सा घराणी गेली, मग स्पॅनिश आले, ऑस्ट्रियन आले, नेपोलियन, मुसोलिनी, वरून बॉम्ब पडले, एवढ्या उलथापालथीत त्या गावातलं चर्च, हॉस्पिटल, लायब्ररी, थिएटर हे सगळं चालू कसं राहिलं? पैसा कुठून आला, कारभार कुणी बघितला? इमारत उभी राहणं वेगळं आणि तिच्यातलं काम शेकडो वर्षं चालू राहणं वेगळं, मला दुसऱ्यात जास्त रस आहे. कुणी तिथे राहिलेलं असेल तर सविस्तर लिहा, लांब लिहिलंत तरी मी सगळं वाचेन.

दगडमाती

ताई प्रश्न फार आवडला. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, कामानिमित्त मिलानला राहिलोय, तर दुओमोचं मी सांगतो कारण लोक तो बघून फोटो काढून निघतात आणि खरी गोष्ट राहून जाते.

बांधकाम सुरू झालं १३८६ मधे, आणि लगेच पुढच्या वर्षी, १३८७ ला, ते चालवण्यासाठी एक संस्था काढली, वेनेरांदा फाब्रिका देल दुओमो. ही संस्था आजही आहे. सव्वासहाशे वर्षं झाली, मधे राज्यकर्ते किती बदलले ते तुम्हीच लिहिलंय, पण दुओमोचा हिशोब, दुरुस्ती, दगड, कारागीर हे सगळं तेव्हापासून आजपर्यंत फाब्रिकाच बघते. पुढे मिलानचा ड्यूक झालेल्या जियान गालेआत्सो व्हिस्कोंतीने तिला कांदोलिया गावची संगमरवराची खाण वापरायला दिली, माज्जोरे सरोवराच्या वरच्या अंगाला डोंगरात आहे ती. दगड गुलाबीसर पांढरा, मधून राखाडी रेघा. तो खाणीतून तोचे नदीने सरोवरात, सरोवरातून तिचिनो नदीत, तिथून नाविलियो ग्रांदे कालव्याने थेट शहरात, दुओमोपासून चालत काही मिनिटांवर यायचा. प्रत्येक ठोकळ्यावर ए यू एफ अशी लॅटिन अक्षरं कोरलेली, म्हणजे हा माल फाब्रिकाच्या कामाचा आहे, याला जकात लावायची नाही. जिथे बोटी लागायच्या ते तळं कधीच बुजवलं पण त्या रस्त्याचं नाव अजून वीया लागेत्तो आहे, दुओमोच्या मागे चालत जाऊन बघा.

खाण अजून चालू आहे हे ऐकून मला तेव्हा विशेष वाटलं होतं. संगमरवर हवेने, धुराने खराब होतो, शिखरं बदलावी लागतात, मूर्ती उतरवून नव्या घडवाव्या लागतात, त्यासाठी त्याच खाणीचा दगड आणि फाब्रिकाचे स्वतःचे पाथरवट. वर १३५ शिखरं आहेत, मूर्ती तीन हजारांच्या वर, म्हणजे एका टोकाचं काम संपेपर्यंत दुसऱ्या टोकाचं निघतं.

पैसा कुठून आला, तर ड्यूकने दिला हे खरंच, पण फाब्रिकाच्या जुन्या वह्यांत सामान्य लोकांच्या देणग्या ओळीने लिहिलेल्या आहेत. पैसे नसतील तर लोक वस्तू द्यायचे, त्या विकून रक्कम जमा व्हायची, एका गरीब म्हातारीने अंगावरचा जुना फरचा कोट दिल्याची नोंद आहे. आपल्याकडे गणपतीची वर्गणी गल्लीतलं प्रत्येक घर देतं ना, तसं. फुकट मजुरी करायलाही लोक यायचे. माझं मत सांगतो, एवढी वर्षं काम टिकलं ते याचमुळे. राजाच्या एकट्याच्या पैशाने बांधलेलं राजाबरोबर थांबतं. इथे गावाचा पैसा होता आणि त्याचा लेखी हिशोब होता.

आता इंजिनिअर म्हणून एक. १४०० च्या सुमारास ज्याँ मिन्यो नावाचा फ्रेंच स्थपती बोलावला होता, त्याने सांगितलं की तुमचे खांब कमजोर आहेत, हे पडणार, शास्त्राशिवाय कला म्हणजे काहीच नाही. स्थानिक कारागिरांनी ऐकून घेतलं नाही, बराच वाद झाला, शेवटी त्यालाच जावं लागलं आणि इमारत तर उभी आहे. पण विसाव्या शतकात मात्र मधल्या घुमटाखालचे चार मुख्य खांब खरोखर चिरायला लागले, शहराने जमिनीतलं पाणी इतकं उपसलं की पाया खचला, वरून ट्रॅफिक आणि मेट्रोची थरथर, तेव्हा १९८० च्या दशकात त्या चार खांबांचे खराब दगड टप्प्याटप्प्याने काढून नवे बसवले, वरचा भार तसाच असताना. आत गेलात की मधोमध उभं राहून त्या खांबांकडे नीट बघा, माझ्या दृष्टीने अख्ख्या दुओमोतलं सगळ्यात अवघड काम ते आहे.

गच्चीवर नक्की जा, लिफ्ट आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर जिने टाळा. वरची सोनेरी मादोन्नीना, म्हणजे मेरीची मूर्ती, १७७४ ची, जमिनीपासून १०८.५ मीटरवर. आणि दर्शनी बाजू बघून फसू नका, ती नेपोलियनने घाई करून पूर्ण करून घेतली, १८०५ मधे इथेच त्याने स्वतःला इटलीचा राजा म्हणून मुकुट घातला. शेवटचा दरवाजा तर १९६५ मधे बसला.

नाविलियोकाठी

मी मिलानमधेच राहते, बरीच वर्षं झाली. दगडमाती यांनी छान लिहिलंय, फक्त एवढंच जोडते की दुओमोच्या तिकिटात खालचं उत्खनन आहे का ते बघून घ्या, चर्चच्या पायाखाली चौथ्या शतकातल्या बाप्तिस्म्याच्या कुंडाचे अवशेष आहेत, मिलानचा तेव्हाचा बिशप संत आंब्रोजने ३८७ मधे ऑगस्टीनला (पुढे तोही संत झाला) तिथे बाप्तिस्मा दिला. बरेच लोक खाली उतरतच नाहीत.

ताई तुम्ही हॉस्पिटल म्हणालात म्हणून सांगते, का ग्रांदा चुकवू नका, माझी सगळ्यात लाडकी जागा आहे ती आणि टुरिस्ट जवळजवळ नसतात. फ्रांचेस्को स्फोर्त्साने १४५६ मधे गावातली छोटी छोटी दवाखाने-धर्मशाळा एकत्र करून हे मोठं हॉस्पिटल काढलं, ओस्पेदाले माज्जोरे, आराखडा फिलारेते नावाच्या स्थपतीचा. लाल विटा, लांबच लांब कमानी, मोठमोठे चौक. आता त्या इमारतीत मिलान विद्यापीठ आहे, पोरं कमानीखाली बसून अभ्यास करत असतात, चौकात सरळ आत जाता येतं, कुणी अडवत नाही. आणि हॉस्पिटल बंद नाही पडलं हं, शेजारीच पोलिक्लिनिको म्हणून सुरू आहे, तीच संस्था.

तुमच्या पैशाच्या प्रश्नाचं उत्तर तर इथे भिंतीवर टांगलेलंच होतं. हॉस्पिटलला जो मोठं दान देईल त्याचं चित्र काढून घ्यायची प्रथा होती, मोठ्ठी रक्कम दिली तर उभं पूर्ण चित्र, त्याहून कमी दिली तर अर्धं, कमरेपर्यंत. सतराव्या शतकापासून ही चित्रं जमत गेली, शेकडोंनी आहेत. व्यापारी, सरदार, विधवा बायका, सगळे. दर दोन वर्षांनी, विषम सालात, २५ मार्चला क्षमेचा सण असतो, त्या दिवशी ही चित्रं चौकात लावून लोकांना दाखवायचे, विद्यापीठाच्या रस्त्याचं नावच वीया फेस्ता देल पेर्दोनो, म्हणजे क्षमेच्या सणाचा रस्ता, आहे. लोकांनी मृत्युपत्रात नुसते पैसे नाही, शेतंच्या शेतं लिहून दिली, आणि लोंबार्डीत हजारो एकर जमीन अजून हॉस्पिटलची आहे, तिचं उत्पन्न येतं. माझ्या मते कुठल्याही राजापेक्षा या शेतांनी हॉस्पिटल जगवलं.

ऑगस्ट १९४३ मधे बॉम्बने निम्म्याहून जास्त उद्ध्वस्त झालं होतं. ढिगाऱ्यातून नक्षीचे तुकडे वेचून परत जोडले. चौकात गेलात की कमानींवरची कोरलेली डोकी नीट बघा.

मोडी-लिपी

आंब्रोझियानाबद्दल मी लिहितो, मी इकडे पुण्यात जुन्या कागदपत्रांवर काम करतो आणि तिथे जाऊन आलोय.

कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओने काढली, डिसेंबर १६०९ मधे सर्वांसाठी उघडली. त्या काळात युरोपात सामान्य वाचकाला दार उघडं असलेली ग्रंथालयं बोटावर मोजण्याइतकी होती, हे त्यातलं एक. या माणसाने आपले लोक ग्रीसकडे, सीरियाकडे, लेबनॉनकडे पाठवून हस्तलिखितं विकत आणवली, अरबी, हिब्रू, सिरियाक सगळं. स्वतः धर्मगुरू असून दुसऱ्यांच्या धर्माची पुस्तकं जमवली, आणि ती बंद ठेवायला नाही तर अभ्यासायला. ग्रंथालयाबरोबर विद्वानांचं मंडळ नेमलं, ते आजही आहे, नंतर १६१८ मधे स्वतःची चित्रं दिली त्यातून चित्रसंग्रह झाला.

तुम्ही ग्रंथपाल आहात म्हणून हे सांगायलाच हवं, लिओनार्दोचा कोदेक्स आटलांटिकस इथे आहे, १११९ पानं. यंत्रं, पाणी उचलायची साधनं, शस्त्रं, भूमिती, उडायचे पंख, सगळं त्याच्या उलट्या अक्षरात. ही वही लिओनार्दोने अशी बांधलेली नाही, त्याच्या सुट्या कागदांचं हे बाड पोम्पेओ लेओनी नावाच्या शिल्पकाराने सोळाव्या शतकाच्या शेवटी लावलं, मोठ्या पानांवर चिकटवून, आणि चिकटवताना काही कागद कापलेसुद्धा, आपल्याला आज वाचून त्रास होतो. १६३७ मधे गालेआत्सो आर्कोनाती या सरदाराने ते ग्रंथालयाला दान दिलं. १७९६ मधे नेपोलियनने पॅरिसला नेलं. तो पडल्यावर कोदेक्स परत आला पण लिओनार्दोच्या बाकीच्या छोट्या वह्या पॅरिसलाच राहिल्या, आजही तिथेच आहेत. यावर मी अजूनही हळहळतो, कारण एक संग्रह फोडला की त्याच्या नोंदींचा एकमेकींशी असलेला संबंध तुटतो आणि तो नंतर कुणालाच पूर्ण जोडता येत नाही.

पानं थोडी थोडी करून आळीपाळीने दाखवतात, उजेडाने शाई उडू नये म्हणून. शिवाय राफाएलच्या स्कूल ऑफ अथेन्सचं मूळ कार्टून आहे, म्हणजे भिंतीवर रंगवण्याआधीचं पूर्ण मापाचं रेखाटन, कोळशाने काढलेलं, अख्खी भिंत व्यापतं. मूळ चित्र व्हॅटिकनमधे गर्दीत मान वर करून बघावं लागतं, इथे हाताचा फटकारा समोर दिसतो. काराव्हाज्जोची फळांची टोपली पण इथेच, छोटं चित्र आहे, किडकं सफरचंद आणि वाळलेली पानं, शांतपणे बघा. वाचनकक्षात जायचं तर आधी नोंदणी आणि कामाचं कारण लागतं, पण संग्रहाच्या तिकिटावर जुनी साला फेदेरिचियाना बघता येते, छतापर्यंत पुस्तकं. तुम्ही तिथून लवकर हलणार नाही हे नक्की.

स्वरवेडा

अरे वा, नाट्यसंगीतवाले काका चाललेत म्हणजे मला लिहायलाच पाहिजे.

पहिलं म्हणजे तारखा. ७ डिसेंबर हा संत आंब्रोजचा दिवस, गावाचा संत, त्या दिवशी गावाला सुट्टी आणि त्याच संध्याकाळी ला स्कालाचा सीझन उघडतो, दरवर्षी. तुम्ही त्याच वेळी आहात, हे मोठं भाग्य आहे. उद्घाटनाचं तिकीट परवडणार नाही, त्याचा नाद सोडा, पण तो प्रयोग टीव्हीवर लाइव्ह असतो आणि अलीकडे गॅलरियात मोठ्या स्क्रीनवर पण दाखवतात, गावात ठिकठिकाणी दाखवतात, फुकट. लेकीला सांगा की तीस वर्षांच्या आतल्या मुलांसाठी उद्घाटनाच्या काही दिवस आधी एक वेगळा प्रयोग असतो, कमी दरात, तिने नक्की बघावा, तिकिटं फार पटकन संपतात. तुम्ही दोघं नंतरच्या एखाद्या साध्या प्रयोगाला वरच्या गॅलरीचं स्वस्त तिकीट काढा.

स्कालाचा इतिहास थोडक्यात, आधीचं राजवाड्यातलं थिएटर १७७६ मधे जळालं, मग ज्यांची तिथे बॉक्स, म्हणजे बसायच्या स्वतंत्र छोट्या खोल्या, होती त्या घराण्यांनीच पैसे काढले, ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसाने परवानगी दिली, पिएरमारिनीने बांधलं, ३ ऑगस्ट १७७८ ला सालिएरीच्या ऑपेराने उघडलं. जागा होती सांता मारिया आल्ला स्काला नावाच्या चर्चची, नाव तिथून आलं. बॉक्स म्हणजे घराण्याची मालकी, खरेदी-विक्री व्हायची, तिथे जेवणं व्हायची, जुगार चालायचा. १९२० नंतर ती मालकी संपवून स्काला स्वायत्त संस्था केली, त्यामागे तोस्कानीनी या ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या कंडक्टरचा मोठा हात.

सगळ्यात वरच्या दोन गॅलऱ्यांना लोज्जोने म्हणतात, तिथले श्रोते म्हणजे तयारीचे, एकेक जागा पाठ असलेले, सूर गेला की खालच्या श्रीमंतांची पर्वा न करता ओरडतात. १९०४ मधे पुच्चिनीची मादामा बटरफ्लाय ही ऑपेरा पहिल्याच रात्री इथे आपटली, त्याने परत लिहून काढली. आपल्याकडे संगीत नाटकाला पिटातला प्रेक्षक वन्समोअर मागायचा ना, काकांना हे वातावरण लगेच कळेल.

ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात छप्पर कोसळलं. युद्ध संपल्यावर गावात घरं नव्हती, खायला नीट नव्हतं, तरी स्काला पहिल्यांदा बांधायला घेतलं, आणि ११ मे १९४६ ला तोस्कानीनीच्या कॉन्सर्टने परत उघडलं. हा माणूस मुसोलिनीपुढे झुकला नाही म्हणून देश सोडून गेला होता, तो त्या दिवसासाठी परत आला. आत जागा मिळाली नाही ते लोक बाहेर चौकात लाऊडस्पीकरवर ऐकत उभे. काही लोक म्हणतात आधी घरं बांधायला हवी होती, मला नाही तसं वाटत, लोकांनाच ते हवं होतं. प्रयोगाचं तिकीट नाही मिळालं तरी म्युझियमचं काढा, तालीम चालू नसेल तर बॉक्समधून आतलं प्रेक्षागृह बघायला मिळतं.

पण मला खरं तुम्हाला पाठवायचंय ते कासा व्हेर्दीला. मेट्रोची लाल लाईन, बुओनारोती स्टेशन, बाहेर पडलं की समोर. ऑपेरांचा मोठा संगीतकार जोसेप्पे व्हेर्दीने म्हाताऱ्या संगीतकारांसाठी बांधलेलं घर. त्याच्या लक्षात आलं होतं की ज्यांनी आयुष्यभर गायलं, वाजवलं, त्यातल्या कितीतरी जणांकडे म्हातारपणी काहीच नसतं, कोरसमधले, ऑर्केस्ट्रातले. तर त्याने जागा घेतली, कामिल्लो बोइतोकडून इमारत बांधून घेतली, १८९९ ला संस्था रीतसर स्थापन झाली, आणि अट घातली की मी जिवंत असेपर्यंत उघडायची नाही, कारण लोक येऊन आभार मानतील ते त्याला नको होतं. तो २७ जानेवारी १९०१ ला मिलानच्याच एका हॉटेलात गेला, आजारी असताना गाड्यांच्या चाकांचा आवाज होऊ नये म्हणून खालच्या रस्त्यावर लोकांनी गवत अंथरलं होतं. घर उघडलं १० ऑक्टोबर १९०२ ला, त्याच्या वाढदिवशी.

आता पैसा. व्हेर्दीने आपल्या ऑपेरांची रॉयल्टी या घराला लिहून दिली. म्हणजे जगात कुठेही त्राव्हियाता किंवा आयदा उभी राहिली की त्यातला वाटा या म्हाताऱ्यांच्या जेवणाला, औषधाला यायचा. १९६० च्या दशकापर्यंत कॉपीराइट होता तोवर हे चाललं, पुढे साठलेली ठेव आणि लोकांच्या देणग्या. आजही तिथे म्हातारे गायक-वादक राहतात, आणि आता शिकणाऱ्या तरुण मुलांनाही खोल्या देतात, जेवायच्या टेबलावर दोघं एकत्र. व्हेर्दी आणि त्याची बायको जोसेप्पीना, ती पण गायिका होती, दोघांच्या कबरी आतच चौकापलीकडे आहेत. तिथे जाता येतं, फक्त लोकांचं राहतं घर आहे हे लक्षात ठेवून आवाज कमी.

आपल्याकडे सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देतं, ते चांगलंच आहे, पण कलावंतांनी कलावंतांसाठी स्वतःच्या कामाचं उत्पन्न बांधून ठेवावं असं कुणी मोठ्या प्रमाणावर केलं असतं तर आपल्या किती जुन्या नटांचे, ऑर्गनवाल्यांचे, तबलजींचे शेवटचे दिवस बरे गेले असते. मला तिथून निघताना हेच डोक्यात होतं.

आणि हो, याच व्हेर्दीला तरुणपणी १८३२ मधे मिलानच्या कॉन्झर्व्हेटरीने प्रवेश नाकारला होता. आज त्या कॉन्झर्व्हेटरीला त्याचं नाव आहे. तिथे विद्यार्थ्यांच्या कॉन्सर्ट होत असतात, काकांना घेऊन जा.

रेवा_रंग

लास्ट सपरचं, म्हणजे लिओनार्दोच्या येशूच्या शेवटच्या जेवणाच्या चित्राचं, कुणीच लिहिलं नाही?? ताई बाकी सगळं नंतर, आधी त्याचं बुकिंग. तिकिटं काही महिन्यांची एकदम सोडतात आणि संपतात, आत एका वेळी मोजकीच माणसं, पंधरा मिनिटं, सोमवारी बंद.

ते चर्चमधे नाही, सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर आहे. लिओनार्दोने साधारण १४९५ ते १४९८ मधे काढलं, ओल्या गिलाव्यावर भराभर रंगवायची जी पक्की पद्धत असते ती त्याने वापरली नाही कारण त्याला सावकाश, परत परत हात फिरवत काम करायचं होतं, म्हणून कोरड्या भिंतीवर काढलं आणि ते त्याच्या हयातीतच उतरायला लागलं. पुढे मठवाल्यांनी दार मोठं करायला १६५२ मधे येशूचे पायच कापले. १९४३ च्या ऑगस्टमधे बॉम्ब पडला, छप्पर गेलं, बाजूची भिंत गेली, चित्राची भिंत आधीच वाळूच्या पोत्यांनी आणि लाकडांनी बांधून ठेवली होती म्हणून राहिली. शेवटची दुरुस्ती १९७८ ला सुरू झाली ती १९९९ ला संपली, पीनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या बाईंनी केली, सूक्ष्मदर्शकातून बघत, आधीच्या लोकांनी चढवलेले रंग एकेक इंच काढत.

मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे म्हणून एक सांगते, पंधरा मिनिटांतली दोन मिनिटं पाठ फिरवून समोरची भिंत बघा. मोंतोर्फानोचं क्रुसिफिक्शन आहे, १४९५ चं, पक्क्या पद्धतीने काढलेलं, अजून ठणठणीत. दोन्ही चित्रांवर तोच काळ गेलाय आणि तेच बॉम्ब पडलेत. लिओनार्दो काय धोका पत्करत होता आणि का, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

आणि ब्रेरा, म्हणजे मोठं चित्रसंग्रहालय. मला लास्ट सपरपेक्षा ब्रेरा जास्त आवडतं, यावरून भांडायला तयार आहे. मांतेन्याचा मृत येशू, पायांकडून बघितलेला, राफाएलचं १५०४ चं लग्नाचं चित्र, आयेत्सचं चुंबन. खाली आर्ट अकॅडमी, मारिया तेरेसाने १७७६ ला काढलेली, पोरं रंगलेल्या हाताने फिरत असतात, त्याच वाड्यात मोठी ब्राइदेन्से लायब्ररी, खगोलवेधशाळा जिथून स्क्यापारेल्लीने १८७७ मधे मंगळाचे नकाशे काढले, मागे वनस्पतीबाग. एका वाड्यात एवढं सगळं. चित्रसंग्रह १८०९ मधे उघडला, नेपोलियनने बंद पाडलेल्या चर्चमधली चित्रं इथे आणून भरली, त्यामुळे ती ज्या मार्गाने मिळाली त्याबद्दल वाईट वाटतं पण गावातल्या कुणालाही बघता यायला लागली हेही खरं.

तिथे फेर्नांदा वितगेन्स हे नाव लक्षात ठेवा. ब्रेराच्या पहिल्या महिला संचालक, १९४० पासून. युद्धात चित्रं गावाबाहेर हलवली, ज्यू लोकांना पळून जायला मदत केली, १९४४ मधे पकडल्या गेल्या, तुरुंगात काढले दिवस, सुटल्यावर उद्ध्वस्त ब्रेरा बांधायला घेतलं आणि १९५० मधे उघडून दाखवलं. संस्था कशी टिकली हे विचारताय ना, अशी एकेक माणसं पण होती म्हणून.

दगडमाती

रेवा, वितगेन्सबाईंचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. ताई, त्यावरूनच एक, सेंट्रल स्टेशनवर जाल तेव्हा प्लॅटफॉर्मच्या खालच्या मजल्यावरचं बिनारियो २१, म्हणजे फलाट २१, बघा. १९४३ ते ४५ मधे तिथून ज्यू आणि राजकीय कैद्यांना मालगाडीच्या डब्यांत भरून, लिफ्टने वर नेऊन छावण्यांकडे पाठवलं, ३० जानेवारी १९४४ ची गाडी आउशवित्झला गेली. त्याच गाडीत तेरा वर्षांची लिलियाना सेग्रे होती, पुढे ती इटलीची आजीव सिनेटर झाली. आता तिथे स्मारक आहे, आत शिरताच भिंतीवर मोठ्या अक्षरात एकच शब्द, उदासीनता, तो तिच्याच सांगण्यावरून कोरला. हे शहर समजून घ्यायचं तर ही जागाही बघायला हवी.

कृष्णाकाठ

काय लिहिलंत सगळ्यांनी, मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. व्हेर्दीच्या घराचं ऐकून हे बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले तिथे पहिल्या दिवशी जाऊ. मला त्या हॉस्पिटलच्या चित्रांचं आणि कोदेक्सच्या कापलेल्या कागदांचं विशेष वाटलं, आमच्या लायब्ररीत पण एका घराण्याचा संग्रह भेट आला होता तो विषयवार लावायचा म्हणून फोडला होता, मी विरोध केला होता, तेव्हा कुणाला पटलं नव्हतं. लेकीला फोन करून लास्ट सपरचं बघायला सांगितलंय.

दोन गोष्टी राहिल्या. ७ आणि ८ तारखेला सगळं बंद असेल का? आणि आम्ही शाकाहारी आहोत, रिसोत्तो चालेल ना?

नाविलियोकाठी

७ गावाची सुट्टी, ८ देशाची, त्यामुळे ऑफिसं, काही दुकानं बंद, पण गर्दी भरपूर, कारण त्याच दिवसांत स्फोर्त्सांच्या किल्ल्याभोवती ओ बेज ओ बेज नावाची जुनी जत्रा भरते. म्युझियमच्या वेळा त्या त्या साईटवर बघूनच निघा. ७ ला सकाळी सांत-आंब्रोजो बाझिलिकाला जा, संत आंब्रोजने स्वतः ३८६ मधे पवित्र केलेली जागा, तळघरात त्याचा सांगाडा पोशाखासकट ठेवलेला दिसतो, त्या दिवशी गावातले लोक दर्शनाला येतात. वरचा सोन्याचा अल्तार, म्हणजे वेदी, नवव्या शतकातला, व्होल्विनो नावाच्या सोनाराने घडवलेला. किल्ल्यात गेलात तर मायकेलँजेलोची रोंदानीनी पिएता, म्हणजे मृत येशूला धरलेली मेरी, बघा, १५६४ मधे मरायच्या काही दिवस आधीपर्यंत तो त्यावर छिन्नी चालवत होता, अर्धवटच राहिलीय, तिच्यासाठी वेगळं दालन केलंय.

रिसोत्तोचं मात्र जपून. केशर घातलेला रिसोत्तो आल्ला मिलानेझे दिसायला साधा पिवळा भात, पण मूळ पद्धतीत त्यात बैलाच्या हाडातला मगज आणि मांसाचं पाणी असतं. ऑर्डर देताना सेन्त्सा मिदोल्लो (मगज नको), ब्रोदो वेजेताले (भाज्यांचं पाणी) असं सांगा आणि दोन्हीला हो म्हणाले तरच घ्या. भोपळ्याचा किंवा मशरूमचा रिसोत्तो असेल तरी पाण्याचं विचाराच. पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, थंडीत सगळीकडे मिळतो, गोर्गोन्झोला चीज घालून. पानेत्तोने, म्हणजे नाताळचे गोड पाव, त्या दिवसांत ताजे असतात, त्यात अंडं असतं तेवढं बघा. लेकीच्या घरी स्वयंपाकघर असेल तर तांदूळ, भाज्या, कडधान्यं कशाचीच अडचण नाही, वीया पादोव्हाच्या बाजूला भारतीय-बांगलादेशी दुकानं आहेत, कढीपत्ता पण मिळतो. कासा व्हेर्दी पहिल्या दिवशी करत असाल तर कबरींपाशी जायची वेळ आधी त्यांच्या साईटवर बघून घ्या, दुपारी मधे बंद असू शकतं.